यमनातला बद्द गंधार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचं ध्वनिमुद्रण मिळालं. रात्री घर शांत झाल्यावर पुन्हा पुन्हा ऐकलं. "सतारीची जवारी करून आणली आणि गंधारच गेला" असं तू लिहिलंयस ते खरं आहे. जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची पाठ घासून झंकार जुळवणं. यमन वाजवायला बसावं आणि वादी, म्हणजे रागातल्या मुख्य, स्वरालाच आस (रेंगाळणारा नाद) नसावी, म्हणजे जिवाला काय होतं ते मला कळतं. पण सतार परत नेऊन "अजून थोडी घासून द्या" म्हणणार आहेस ना, ते तूर्त थांबव. घोडीवर कानस फिरली की तेवढी घोडी गेली, ती परत येत नाही. त्यात तुझी घोडी जुनी, सांबरशिंगाची. त्या शिंगाचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, तेव्हा तशी दुसरी मिळायची नाही.

आणि मला तर दोष जवारीत वाटतच नाही. नीट ऐक. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार मोकळी छेडलीस तेव्हा आवाज छान खुला आहे. खालचे पंचम, धैवत, निषाद भरलेले, षड्ज-ऋषभ उत्तम. मग एकदम गंधार बद्द, आणि त्याच्या पुढचा तीव्र मध्यम पुन्हा जिवंत. जवारी बिघडली तर ती अशी एकाच सुराला गाठत नाही. वर वर जावं तसा तारेचा घोडीशी होणारा कोन थोडा थोडा बदलतो, म्हणून घोडीचा उतार चुकला असेल तर आवाज पडद्यागणिक, म्हणजे दांडीवर बांधलेल्या पट्टीपट्टीला, हळूहळू बंद होत जातो किंवा फाटत जातो. एखाद्या तारेखाली घोडीवर खाच पडली असेल तर ती अख्खी तार मुकी होते. तुझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नाही.

म्हणून आधी एवढं कर. ऋषभाच्या पडद्यावरून मींड ओढून, म्हणजे दाबलेली तार आडवी ताणून, तोच गंधार काढ आणि धरून ठेव. मींडेतला गंधार गुंजला आणि पडद्यावरचा बद्दच राहिला, तर दोष गंधाराच्या पडद्याकडे, नाहीतर त्याच्या शेजाऱ्याकडे. दोन्ही सारखेच कोरडे आले तर तरफांकडे, म्हणजे खालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारांकडे, वळ.

पडद्याचं आधी सांगतो. जवारीबरोबर त्यांनी पडदेही नव्याने बांधले, असं तू लिहिलंयस. गंधाराचा पडदा दोन्ही टोकांना धरून हलवून बघ. दोर ढिला असेल तर पडदा दांडीवर किंचित डुलतो आणि तारेची ताकद त्यातच जिरते. तुमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड सुकतं, तेव्हा घट्ट बांधलेला दोरही सैल पडतो. दोर नीट असेल तर त्याच्यापुढचा शुद्ध मध्यमाचा पडदा बघ. गंधार आणि मध्यम यांत अर्ध्या सुराचंच अंतर, त्यामुळे मध्यमाचा पडदा केसभर जरी उंच बसला तरी गंधार दाबल्यावर तार त्याला टेकते. आधी बारीकसं 'खर्र' येतं आणि लगेच आस तुटते. हे 'खर्र' जवारीच्या झंकारासारखं भासतं, म्हणून पुष्कळांची फसगत होते. सतारीचे पडदे सरकतात याचा फायदा घे. मध्यमाचा पडदा बोटभर घोडीकडे सरकव आणि पुन्हा गंधार वाजव. मोकळा झाला, तर गुन्हेगार सापडला.

पण खरं सांगू? माझा संशय तरफांवर आहे. घोडी काढायची तर वरच्या सगळ्या तारा उतरवाव्या लागतात. त्यांचा ताण गेला की तबली, म्हणजे घोडीखालची लाकडी पाटी, जरा वर येते आणि तरफा चढतात-उतरतात. मग दुकानात त्या पुन्हा लावल्या जातात, आणि त्या वेळी कारागिराच्या कानात कुठला राग घोळत असेल कोण जाणे. त्याने काफीच्या अंगाने कोमल गंधार लावून ठेवला असेल, तर तुझ्या यमनातल्या शुद्ध गंधाराला खालून साथ द्यायला कुणीच नाही! तो सूर एकटा पडतो आणि शेजारच्या भरल्या सुरांपुढे मेल्यासारखा वाटतो.

तपासायला अगदी सोपं आहे. नखाएवढा कागद घे, मधोमध दुमड आणि गंधाराच्या तरफेवर खोगिरासारखा अलगद ठेव. आता बाजाच्या तारेवर गंधार जोरात छेड. तरफ सुरात असेल तर कागद थरथरून उडून पडेल, नसेल तर ढिम्म बसून राहील. मग खुंटी पिळून, कागद उडेपर्यंत लाव. कानाने सुरात वाटलेली तरफ कागदाच्या परीक्षेत नापास होते, हे मी खूप वेळा पाहिलंय. तरफ सुरात असूनही कागद हलला नाही, तर तरफांच्या छोट्या घोडीवर तार नीट बसली आहे का ते पाहा. तिथे धूळ फार साठते. शिवाय एकदा तरफांवर मऊ रुमाल टाकून ऋषभ आणि गंधार पाठोपाठ वाजव. रुमालासकट दोघे सारखेच कोरडे झाले, तर पडदा निर्दोष.

घोडीच्या पायांखाली पातळ कागद शिरतो का, तेही बघून घे. शिरला तर घोडी तबलीवर पुरती टेकलेली नाही.

आता जवारीची परीक्षा. मोकळी बाजाची तार बरोबर मध्यावर, म्हणजे मध्य सप्तकातल्या मध्यमाच्या पडद्यावर, छेड. साध्या घोडीवर असं छेडलं की वरच्या सप्तकाचा सूर उमटायला नको, कारण छेडली तिथेच त्याचा स्थिर बिंदू. आपल्या तंबोऱ्यावर आणि वीणेवर मात्र तो उमटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच चमत्कारावर शोधनिबंध लिहिला होता. घोडीच्या रुंद, उतरत्या पाठीवर तार घासत उठते आणि नियमाने दबलेले स्वर पुन्हा जागे होतात. तुझ्या तारेत तो वरचा मध्यम स्वच्छ ऐकू आला, तर जवारी शाबूत आहे आणि तिला हात लावायला देऊ नकोस.

एवढं करूनही गंधार उठला नाही, तर मिरजेला ये. सतार तिथलीच आहे, जिथे घडली तिथल्या माणसाला तिचं अंग कळेल. मी सांगलीहून सोबत येईन. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला तिथल्या कारागिरांचं कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. चांगला कारागीर कानस उचलण्याआधी सतार मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता ऐकतो.

रविवारपर्यंत तरफा झाकून आणि उघड्या ठेवून, दोन्ही तऱ्हेने वाजवलेला गंधार पाठव. मींडेतलाही पाठव. आणि फोन भोपळ्याला चिकटवून ठेवू नकोस, हातभर लांब ठेव, नाहीतर सगळेच सूर घुमतात आणि काही कळत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सांगलीकर