मागणाऱ्याला द्यावे की नाही : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पाकीट चोरीला गेले आहे, घरी परतायला तिकिटापुरते पैसे हवेत, असे सांगणाऱ्या माणसाला तू पैसे दिलेस आणि काही दिवसांनी तोच माणूस त्याच फलाटावर दुसऱ्या कुणाला तीच हकिकत त्याच शब्दांत सांगताना तुझ्या नजरेस पडला. तुला संताप आला यात नवल नाही. पण त्या संतापाच्या भरात तू जे ठरवले आहेस, की यापुढे अनोळखी माणसाच्या हातावर एक पैसाही ठेवायचा नाही, ते मला पटलेले नाही. तू माझे मत विचारले आहेस, म्हणून हातचे राखून न ठेवता लिहितो.

तुझ्या पत्रात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. तो माणूस खोटे बोलला, ही एक. आणि त्याला गरज नव्हती, ही दुसरी. पहिली तू डोळ्यांनी पाहिलीस, दुसरी तू तिच्यावरून ताडलीस. दिवसचे दिवस एकाच जागी उभे राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे नकार आणि अपमान झेलत, एखाद्याच्या चार नाण्यांसाठी ताटकळणे हे ज्याचे बरे चालले आहे असा माणूस सहसा पत्करत नाही. मागण्याचा धंदा करणारे असतात, त्यामागे टोळ्याही असतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याविषयी पुढे लिहितोच. तरी हकिकत खोटी आणि गरज खरी, असे पुष्कळदा असू शकते, एवढे तरी तू मान्य करशील.

आता ती हकिकत खोटी का असते, याचा विचार कर. समज, त्याने तुला खरे तेच सांगितले असते: काम सुटून बराच काळ झाला, घरच्यांशी पटले नाही, इथेच झोपतो, अधूनमधून पितोही, आज पोटात काही नाही. तू दिले असतेस का? मला नाही वाटत. ज्याच्यावर काही दोष नसताना, अचानक आणि एकदाच संकट कोसळले आहे अशाला द्यायला आपण सगळे तयार असतो. ज्याची गरज जुनी, गुंतागुंतीची आणि थोडीफार त्याने स्वतःच ओढवून घेतलेली आहे, त्याच्यासमोर मात्र आपला हात खिशाकडे जात नाही. पाकीट चोरीला जाणे हे अगदी आपल्या मनाजोगते संकट आहे. ते ताजे आहे, त्यात त्याची चूक नाही, रक्कम ठरलेली आहे, ती दिली की प्रश्न मिटतो आणि पुन्हा त्या माणसाशी आपला संबंध उरत नाही. रोज मागणाऱ्याला हे आपल्या चेहऱ्यांवरून उमगत जाते. कोणत्या वाक्याला माणूस थांबतो आणि कोणत्या वाक्याला पाय उचलतो, हे त्याच्याइतके कुणाला कळणार? ती हकिकत त्याने रचली हे खरे, पण तिला तो आकार आपल्यासारख्या देणाऱ्यांच्या आवडीनिवडीने आला आहे. त्यामुळे खोटे बोलणे योग्य ठरते असे मी म्हणत नाही. एकाच्या त्या खोट्यापायी उरलेल्या सगळ्यांना विन्मुख पाठवणे मात्र मला अन्यायाचे वाटते.

खरा गरजू कोण आणि लबाड कोण हे पारखून घेण्याची धडपड काही आजची नाही. इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा जो कायदा 1601 मध्ये झाला, त्यातच म्हातारे, आजारी आणि अपंग एका बाजूला आणि धडधाकट असून काम नसलेले दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी होती. पुढे 1869 मध्ये लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी नावाची संस्था निघाली, ती तर सरसकट भीक घालण्याच्या विरोधातच होती. तिचे स्वयंसेवक मागणाऱ्याच्या घरी जात, आजूबाजूला चौकशी करत, नोंदी ठेवत आणि मग हा मदतीला पात्र आहे की नाही ते ठरवत. त्या पद्धतीतून पुढे समाजकार्याचे शास्त्र घडत गेले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. आणि त्या चौकशीने अनेक गरिबांची मान खाली गेली, हेही नाकारता येत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ज्यांनी हे काम अंगावर घेतले त्यांना एकेका कुटुंबासाठी भेटी, चौकश्या आणि कागदपत्रे लागत. आपण तोच निवाडा गाडी यायच्या आत, कपड्यांवरून आणि बोलण्याच्या ढबीवरून करायला निघतो. कपडे बरे असले तर 'याला काय कमी आहे' आणि फाटके असले तर 'सोंग आहे', असे दोन्हीकडून आपलेच खरे.

एक प्रसंग सांगतो. एका मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ औषधांची चिठ्ठी पुढे करून पैसे मागत होते. मी रोख न देता त्यांच्याबरोबर औषधांच्या दुकानात गेलो. चिठ्ठीवर पाच औषधे होती. त्यांनी त्यातल्या दोनच नावांवर बोट ठेवले आणि गोळ्यांची पट्टीही अर्धीच कापून मागितली. दुकानदाराने कात्री लावली, तेव्हा मुदतीची तारीख छापलेली बाजू त्याच्या हातात राहिली. म्हाताऱ्यांनी तोच तुकडा मागून घेतला. पूर्ण पट्टी घ्या, असे मी म्हणालो, तर म्हणाले, "परवा डॉक्टरांनी औषध बदलले तर उगाच वाया जाईल." त्यांच्याविषयीची माझी शंका तिथेच फिटली. पण त्या फाटकाशी उभ्या असलेल्या पुढच्या चिठ्ठीवाल्याविषयी त्यातून मला काहीही कळले नाही, कारण घेतलेली औषधे संध्याकाळी दुकानात परत करून त्यांचे पैसे करणारेही असतात. खात्री करून घ्यायची तर दर वेळी इतके बरोबर चालावे लागते, आणि तेवढा वेळ आपण क्वचितच देऊ शकतो.

दिलेले पैसे दारूत जातात, हा तुझा दुसरा मुद्दा. ही भीती सर्वांनाच असते, त्यामुळे तिची तपासणीही झाली आहे. गरिबांना थेट रोख रक्कम देणाऱ्या योजनांविषयीचे 19 अभ्यास जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी एकत्र तपासले आणि 2014 मध्ये निष्कर्ष मांडला, की दारू आणि तंबाखूवरचा खर्च त्यामुळे वाढत नाही. जवळपास सगळीकडे तो होता तेवढाच राहिला किंवा कमी झाला. कॅनडातील व्हँकुव्हर येथे 50 बेघर माणसांना प्रत्येकी 7,500 कॅनेडियन डॉलर एकरकमी, कोणतीही अट न घालता देण्यात आले. त्या प्रयोगाचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो, की पुढच्या वर्षभरात ही माणसे पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत कमी दिवस बेघर राहिली आणि व्यसनांवरचा त्यांचा खर्च वाढला नाही. हे तुझ्या तोंडावर फेकण्यासाठी मी लिहीत नाही. त्या प्रयोगात गंभीर व्यसन असलेल्यांना घेतलेच नव्हते, आणि हातात पडलेली मोठी रक्कम व रस्त्यावर मिळालेली चिल्लर या वेगळ्या गोष्टी आहेत; मोठ्या रकमेने माणूस भाड्याची खोली बघू शकतो, चिल्लरीने फार तर आजचा दिवस ढकलतो. तरीही 'गरिबाच्या हातात पैसा पडला की तो उडवणारच' हे जे आपण सिद्ध झाल्यासारखे बोलतो, ते सिद्ध झालेले नाही. जो समोर उघडउघड नशेत आहे त्याला मी स्वतः रोख देत नाही. काही खायला हवे का, एवढे विचारतो आणि तो नको म्हणाला तर राग धरत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न असा आहे, की आपण चुकणारच असू तर कोणत्या बाजूला चुकावे. लबाडाला दिले गेले तर माझी थोडी रक्कम जाते आणि माझा मान थोडा दुखावतो. खऱ्या गरजूला नाकारले गेले तर त्याचे काय जाते, हे मला कधी कळणारही नाही, कारण तो गर्दीत निघून गेलेला असतो. पहिली चूक आपल्याला टोचत राहते. दुसरी दिसतच नाही, म्हणून आपण ती मोजत नाही. तुझ्याच बाबतीत बघ: ज्याने फसवले तो तुझ्या लक्षात राहिला, पण आजवर ज्यांना तू नाही म्हणालास त्यांतल्या एकाचा तरी चेहरा तुला आठवतो का? म्हणूनच, गेली तरी जिचे वाईट वाटणार नाही अशी छोटी रक्कम असेल तर मी चौकशीच्या भानगडीत पडत नाही, देऊन टाकतो. रक्कम जशी मोठी होत जाईल तशी चौकशी वाढली पाहिजे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. उपचारांसाठी लाखांची मागणी करणारे आवाहन फोनवर आले, तर मी आधी रुग्णालयात चौकशी करतो आणि पैसे देतो ते रुग्णालयाच्याच खात्यात.

हे सारे त्या क्षणी ठरवायचे नाही, आधी ठरवून ठेवायचे, हा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले होते आणि वाटेत एक माणूस दारात विव्हळत पडलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी 63 टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी 45 टक्के, आणि उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ 10 टक्के. काही जणांच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधील कथा हाच होता, पण त्याने म्हणावा असा फरक पडला नाही. आपण पात्रता तपासतो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात पुष्कळ वेळा घड्याळ ठरवते. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच मी काही रक्कम सुट्या पैशांत वेगळी काढून ठेवतो. ती वेगळ्या खिशात असते, त्यामुळे कुणासमोर पाकीट उघडावे लागत नाही, आणि ती संपली की मी नाही म्हणतो. त्या नकाराने मन खात नाही, कारण तो त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून दिलेला नकार नसतो.

लहान मुलांच्या हातात मात्र मी पैसे कधीच ठेवत नाही. ते पैसे घेणारा मोठा माणूस बहुधा जवळपासच असतो, आणि मुलाची कमाई जितकी चांगली तितकी त्याची शाळेची वाट बंद. अशा मुलाशी बोलावे, भूक असेल तर समोर बसवून खाऊ घालावे आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीला कळवावे. तसेच अंगावर येऊन, वाट अडवून, शाप देत मागणाऱ्याला देणे म्हणजे त्या दांडगाईला बळ देणे आहे. तिथे थांबूच नये.

नाही म्हणायचे तर कसे म्हणायचे, हे मला देण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. आपण नजर चुकवतो, फोन कानाला लावतो, हाताने झटकल्यासारखे करतो. माणूस तिथे नाहीच असे वागणे हा नकारापेक्षा मोठा घाव आहे. डोळ्यांत बघून 'आज जमणार नाही, दादा' एवढे शांतपणे म्हणता येते. आणि द्यायचे असेल तर उपदेशाशिवाय द्यावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस दानाचे जे वर्णन आहे, त्यात अपात्राला दिलेले दान येते हे सगळे जण सांगतात. पण त्याच श्लोकात अनादराने आणि अवहेलना करून दिलेले दानही येते, याचा सहसा उल्लेख होत नाही. म्हणजे घेणाऱ्याची पात्रता बघणाऱ्याने स्वतःचीही बघायची आहे.

काकांचे म्हणणे तू कळवले आहेस, की रस्त्यावर देण्यापेक्षा चांगल्या संस्थेला द्यावे, तिथे पैशाचे चीज होते. काकांचे हे मत मला मान्य आहे, आणि माझ्याकडून जे काही दिले जाते त्यातला मोठा वाटा मीही तसाच देतो. जिथे हिशेब तपासले जातात आणि माणसाला निवारा, उपचार, काम मिळवून देण्याची व्यवस्था आहे तिथे एका रकमेतून जे होते, ते माझ्या सुट्या नाण्यांतून होणार नाही. पण त्यांना माझी एक शंका सांग. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की एका मुलीचे नाव आणि चित्र दाखवले की लोक जास्त देतात, लाखो भुकेल्यांचे आकडे दाखवले की कमी देतात. ही विसंगती आधी समजावून सांगितली तेव्हा लोकांनी त्या मुलीला देणे कमी केले, पण आकड्यांमागच्या लाखोंना देणे काही वाढवले नाही. शहाणपणाने एक झरा आटला आणि दुसरा वाहू लागला नाही. रस्त्यावरचे देणे थांबवल्यावर वाचलेली रक्कम खरोखरच संस्थेकडे जाणार असेल तर माझी हरकत नाही. ती नुसतीच खिशात राहणार असेल तर संस्थेचे नाव उगाच पुढे करू नये.

तेव्हा काकांनाच विचार, की ते कोणत्या संस्थेला देतात आणि तिचा वार्षिक हिशेब त्यांनी पाहिला आहे का. नाव मलाही कळव, कारण मी ज्यांना देत होतो त्यांच्याकडून गेले काही महिने पावतीशिवाय काहीच कळत नाही आणि मी दुसरे ठिकाण शोधतो आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखवलेस तरी चालेल. ते ज्या मुद्द्यावर मला खोडून काढतील तो तेवढा सविस्तर लिही. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित,
तुझा मित्र