रात्रीची नोंद संध्याकाळीच कशी होते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कालच्या रविवार पुरवणीतला वृद्धाश्रमांवरचा पानभर लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आली आहेत. तुळशीपाशी बसलेले आजोबा, पत्ते खेळणाऱ्या चार आजी, वाढदिवसाचा केक, सारे काही त्यांत आहे; खाटेला खिळलेले माणूस मात्र एकही नाही. मी जेथे काम करते तेथे 22 पैकी 9 जण तसे आहेत. 'दर दोन तासांनी कूस बदलल्याची चोख नोंद ठेवली जाते' असे आपल्या प्रतिनिधीने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे, त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. लेखातली संस्था आणि माझी संस्था एकच की निराळी, हे मी सांगणार नाही. मला अजून तेथून पगार यायचा आहे.

मी या कामात नवी आहे. 17 वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासली, तो बंद पडल्यावर वयाच्या 48 व्या वर्षी रुग्णसहायकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि श्रावणात रात्रपाळीवर रुजू झाले. (जुनी खोड आहे म्हणून सांगते. आपल्या मथळ्यात ठळक टायपात 'सुश्रुषा' छापले आहे. शब्द 'शुश्रूषा' असा आहे. पहिले अक्षर तालव्य श, आणि दुसऱ्या अक्षराचा उकार दीर्घ. केकच्या छायाचित्राला चार कॉलम जागा मिळते, तर एका दीर्घ ऊकारालाही मिळायला हरकत नसावी.)

रुजू होऊन पंधरवडा झाला असेल. रात्री 8 वाजता चार्ज घेताना मी 4 नंबरच्या खोलीतल्या आजींचा तक्ता हातात घेतला. खाटेच्या पायथ्याशी पॅडला अडकवलेला तो कागद आपल्या प्रतिनिधींनीही पाहिला असेल. त्यावर 10, 12, 2, 4, 6 असे रात्रीचे रकाने असतात आणि कूस बदलली की त्या त्या रकान्यात बरोबरची खूण करून सही करायची असते. त्या रात्रीचे पाचही रकाने भरलेले होते. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि कागदावर दुसऱ्या दिवशीची पहाट होऊन गेली होती. पाचही खुणा एकाच शाईच्या, एकाच दमात केलेल्या, शेवटची तर घाईत पुढच्या रकान्यात घुसलेली. माझी जागा तेवढी सहीसाठी मोकळी ठेवली होती.

आजींच्या पाठीखाली एअर बेड होता. त्यातले कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे एकाच जागी सतत दाब राहत नाही. तरीही कूस बदलावीच लागते, हे अभ्यासक्रमात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. गादी हाताला लिबलिबीत लागली म्हणून वाकून पाहिले, तर मोटरचा प्लग काढलेला आणि त्या जागी मोबाइलचा चार्जर लावलेला. खोलीत प्लगची जागा एकच आहे. चार्जर माझ्या जोडीच्या बाईंचा होता. त्यांची मुले परभणीकडे आजोळी आहेत आणि रात्री त्यांचा फोन येतो. त्यांना मी दोष देत नाही. पण आजींना कुशीवर वळवले, तेव्हा माकडहाडापाशी रुपयाएवढी लाली होती. बोटाने दाबून सोडली तरी ती पांढरी पडेना, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात झालेली. डावी टाच तर काळपट होऊ लागली होती. या आजी धडधाकट होत्या तेव्हा रोज पहाटे पर्वती चढत असत. अजूनही मध्येच विचारतात, "पायऱ्या किती सांग बरं?" मी 103 म्हटले की त्यांना बरे वाटते.

सकाळी मी इनचार्ज बाईंना टाच दाखवली आणि तक्त्यावर सही करणार नाही असे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, तुम्ही नवीन आहात. पहाटे पहाटे खुणा करायला वेळ कुणाला असतो? आधी करून ठेवल्या की काम हलकं होतं." मी म्हटले, "काम हलकं होतं की कागद भरतो?" यावर त्यांनी फक्त "एअर बेड आहे ना" एवढेच उत्तर दिले. त्या रात्री मी तक्ता पुन्हा भरलेला पाहिला आणि मुद्रितशोधकाला जे येते ते केले. लाल पेन घेतले, खोट्या खुणांवर 'काढा'ची खूण केली आणि समासात खरी वेळ लिहिली: 10.40, 1.15, 3.50. दोन तासांचे अंतर मलाही जमले नव्हते, ते झाकले नाही. सकाळी तो कागद 'खराब झाला' म्हणून फाडण्यात आला, त्याच निळ्या शाईत नवा भरण्यात आला, आणि आठ दिवसांत माझी नेमणूक तळमजल्यावर चादरींच्या धुण्याकडे झाली. तेथे कोणता तक्ता नाही.

लेखाच्या शेवटी एका संचालकांचे बोलणे छापले आहे, की हल्ली मायेने काम करणारी माणसे मिळत नाहीत. त्यांना माझा एक साधा हिशेब कळवावा. खाटेवरच्या एका माणसाची कूस बदलायची, लंगोट पाहायचा, चादरीची सुरकुती काढायची, उशी पाठीशी आणि टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली ठेवायची, तर दोघींना मिळून दहा मिनिटे लागतात. 9 माणसांची 90 मिनिटे झाली. दोन तासांतली उरलेली 30 मिनिटे इतर 13 जणांसाठी, त्यांत एक आजोबा रात्रभर घरी जायला निघतात. रात्री आम्ही दोघीच असतो. 12 तासांच्या पाळीचे मला 600 रुपये मिळतात, आणि 4 नंबरच्या आजींसाठी त्यांचे कुटुंब महिन्याला 45 हजार भरते, डायपरचे पैसे वेगळे. यात माया नेमकी कोठे कमी पडते आहे, ते संचालकांनी सांगावे. हा हिशेब जमत नाही म्हणूनच दुपारी 4 नंतर पाणी 'जपून' द्या असेही तोंडी सांगितले जाते, म्हणजे रात्री बदलणे कमी. पाणी कमी पडून लघवीला संसर्ग झाला आणि माणूस असंबद्ध बोलू लागले, की वयाचा परिणाम म्हणायला सगळे मोकळे.

आजींच्या चिरंजीवांचा दर रविवारी परदेशातून व्हिडिओ कॉल येतो. त्यासाठी शनिवारी न्हाऊ घालतात, वेणी घालतात, कपाळाला टिकली लावतात. कॅमेऱ्यात चेहरा येतो, टाच येत नाही. मुलांना दटावणारा कायदा आपल्याकडे आहे. 2007 च्या अधिनियमात ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. वृद्धांच्या निवासांची नोंदणी आणि किमान मानके आणणारे दुरुस्ती विधेयकही 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले होते, ते मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली. त्यावर आपल्या लेखात एक ओळ नाही. त्याच पानाच्या तळाशी मात्र ज्येष्ठांसाठीच्या आलिशान गृहप्रकल्पाची अर्ध्या पानाची जाहिरात आहे. योगायोग असेल.

आपल्या प्रतिनिधींना पुन्हा जायचे असेल तर फोन न करता जावे. संध्याकाळी साडेआठला जाऊन रात्रीचे रकाने पाहावेत, आणि एअर बेडच्या मोटरवरचा हिरवा दिवा लागला आहे का, ते खाली वाकून पाहावे. एखाद्या आजींची परवानगी घेऊन चादर पायाकडून वीतभर उचलावी. छायाचित्रकार बरोबर नसला तरी चालेल.

कृपया नाव छापू नये. पत्र कापायचे झाल्यास शुद्धलेखनाचा भाग कापावा, तक्त्याचा नको.

आपली,
एक रुग्णसहायिका
सिंहगड रस्ता, पुणे