रबाळ्याहून आल्यावर

ठाणे, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

काल तुझ्या वर्कशॉपवरून निघालो आणि रबाळ्याला ट्रेनमध्ये बसल्यापासून ठाणं येईपर्यंत डोक्यात एकच, तू ते मोटरच्या शाफ्टचं सॅम्पल परत ड्रॉवरमध्ये टाकलंस ना, ते. "चाललंय ते बरं चाललंय, कशाला उगाच" म्हणालास. पोरांसमोर मी काही बोललो नाही पण राहवत नाहीये, आणि फोनवर तू पूर्ण ऐकून घेत नाहीस म्हणून लिहितोय.

हेच वाक्य मी घरात ऐकलंय रे. आमची नौपाड्यातली फोटो लॅब आठवते ना, लग्नसराईत रोलचे ढीग, बाबा रात्री 1 वाजेपर्यंत प्रिंट काढत बसायचे. डिजिटल आलं तेव्हा त्यांनी रोलच्याच मशीनवर अजून खर्च केला. तेव्हाच्या गल्ल्याकडे बघितलं तर त्यांचं चूक नव्हतं. चार वर्षांत शटर खाली. मला बाबांचा राग कधीच आला नाही, त्या भरलेल्या गल्ल्याचा येतो, त्याच्यामुळेच कोणाला घाई वाटली नाही.

नंतर कळलं की कोडॅकचंही असंच झालं. डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा बनला तोच त्यांच्याकडे, 1975 साली, स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने बनवला, एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. पण फिल्मवर एवढा नफा सुटत होता की स्वतःच्याच धंद्याला धक्का कोण लावणार, आणि 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज. फुजीफिल्म त्याच धंद्यात, त्याच संकटात, पण त्यांनी बघितलं की फिल्म बनवता बनवता आपल्याला येतं काय काय. फिल्मच्या जिलेटिनमुळे कोलॅजेन माहीत होतं, फोटोचा रंग उडू नये म्हणून काय करायचं ते माहीत होतं, तेच घेऊन 2007 ला चेहऱ्याची क्रीम काढली, एलसीडी स्क्रीनला लागणारी फिल्म तर आधीपासून होतीच, ती वाढवली, औषधांत गेले. आज उभे आहेत.

आता तुझं बघ. तू व्हॉल्व्ह गाइड करतोस, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी, इलेक्ट्रिक स्कूटरला व्हॉल्व्हच नसतो, आणि तुझा माल घेणारी पार्टी एकच. पण मायक्रॉनमध्ये माप धरायचा तुझ्या पोरांचा जो हात बसलाय तो मोटरच्या शाफ्टलाही लागतो, हाडात बसवतात त्या स्क्रूलाही लागतो. ते थोडंच कोणी काढून घेणार आहे?

घर गहाण टाक असं मी म्हणत नाहीये, वहिनींना सांग आधीच. या शाफ्टसाठी एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं एक मशीन, फक्त सेकंड शिफ्ट, तीन महिने, आणि एक रक्कम ठरव जी गेली तरी पगार आणि हप्ते थांबणार नाहीत. पहिली बॅच रिजेक्ट होईल हे धरूनच चाल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना, शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते, तरी त्यांनी सोडलं नाही.

अजून एक, आणि हे तुला लागेल. काल तो ऑपरेटर फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवायची पकड, बदलून बघू का म्हणाला, तू लगेच म्हणालास स्क्रॅप झालं तर तुझ्या पगारातून कापीन. तो परत काही सुचवणार नाही रे. मशीनसमोर दिवसाचे बारा तास तो उभा असतो, तू नाही. त्याला महिन्याला ठरावीक मटेरियल वाया घालवायची मुभा दे, हिशोबात वेगळं धर, ओरडू नकोस.

मी शुक्रवारी संध्याकाळी येतोय. सॅम्पल ड्रॉवरमधून काढून ठेव, ड्रॉइंगही काढ, आणि त्या ऑपरेटर पोराला ओव्हरटाइम देऊन थांबव, आपण तिघं बसून बघू.

तुझा,
मन्या