आधी भूक बघ, मग तेलाची वाटी घे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

अंगाला तेल कुठलं, किती आणि रोज लावायचं का, असं तू विचारलंयस. त्याआधीचा प्रश्न मात्र राहून गेला: आज तेल लावायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

उठल्यावर जीभ बघ. तिच्यावर पांढरा चिकट थर असेल, तोंडाला चव नसेल, रात्रीचं जेवण अजून पोटातच असल्यासारखं वाटत असेल, तर त्या दिवशी अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, नको. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट, त्यांनी अष्टांगहृदय या आपल्या ग्रंथात अभ्यंग रोज करायला सांगितलाय आणि कोणी करू नये तेही सांगितलंय: कफाने बेजार झालेल्याने, वमन-विरेचन (औषधाने करवलेली उलटी आणि जुलाब) नुकतंच झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने. रोज करा, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. आयुर्वेदाच्या हिशेबाने तेल स्निग्ध आणि जड. अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असताना ते अंगात मुरवलं की जडपणा वाढतो. कडकडून भूक लागलेली असेल त्या सकाळी खुशाल लाव. ताप असताना किंवा छातीत कफ भरलेला असताना बाटलीला हात लावू नकोस.

ग्रंथात नाही, पण मी सांगून ठेवते. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल आणि हाताला गरम लागत असेल तर ती अजिबात चोळायची नाही. शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

आता तेल. कोरड्या त्वचेला आणि आखडलेल्या पाठीला तिळाचं, कच्च्या तिळाचं, फिकट पिवळं. गडद तपकिरी, खमंग वासाचं असतं ते भाजलेल्या तिळाचं. ते स्वयंपाकाचं, अंगाला लावलंस तर दिवसभर वास येत राहील. अंगाची आग होत असेल तेव्हा खोबरेल, पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला तेही नको, छिद्रं बुजतात. औषधी तेल आणलंस तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघ.

अख्ख्या अंगाला ३० ते ४० मिली पुरतं. बाटलीतून हातावर ओतत गेलं की दुप्पट संपतं आणि अर्धं फरशीवर सांडतं, म्हणून वाटीत मोजून घे. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेव. थेट गॅसवर तेल कधी जास्त तापलं ते कळत नाही. मनगटावर थेंब टाकून कोमट लागलं की सुरू कर.

दंड, मांड्या, पोटऱ्या यांवर लांब सरळ हात फिरव, सांध्यांवर गोल. पोटावर उजवीकडून वर, बरगड्यांखालून आडवं डावीकडे आणि मग डावीकडून खाली. मोठं आतडं त्याच वाटेने जातं. जोर बेताचा. त्वचा लालभडक होईपर्यंत रगडणं म्हणजे मालिश नव्हे, स्वतःशीच कुस्ती. तळपाय शेवटी, बसून, आणि कापडाने नीट पुसल्याशिवाय उठायचं नाही.

डोकं, कान आणि पाय यांवर वाग्भटाचा विशेष भर आहे. तरी डोक्यात कोंडा असेल तर तेल थांबव. कोंड्यामागची बुरशी स्निग्धावरच पोसते. कानाच्या पाळ्या आणि मागचा भाग चोळ, पण आत तेल सोडू नकोस. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर ते महागात पडतं. नाकाच्या आतल्या कडेवर तेलाची करंगळी नुसती फिरव. तेल जोरात वर ओढायची जी पद्धत दाखवतात ती मला मान्य नाही. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेलं तेल सहजी बाहेर पडत नाही, आणि असं वरचेवर होत राहिलं तर न्यूमोनिया होतो.

पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या कापडाने वरचं तेल टिपून घे आणि मग अंघोळ कर. अंगावर गरम पाणी चालेल, डोक्यावर कोमटच. साबणाऐवजी दोन चमचे मुगाचं पीठ पाण्यात सैल कालवून लाव. टिपायचा कंटाळा केलास तर तेल आणि पीठ मिळून मोरीच्या जाळीत असा लगदा बसतो की पाणी तुंबतं. हाताला किंचित ओशट लागलं तर लागू दे. सगळं खरवडून काढायचं तर लावलं कशाला?

तेलाच्या कापडाचं बहुतेकांना माहीत नसतं. तिळाचं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं. तेलकट कापडं बोळा करून कोंबून ठेवली की ती उष्णता आतच साठते आणि कापड आपोआप पेटू शकतं. ड्रायरमधून काढलेल्या गरम ढिगाचं तर हमखास भय. धुताना गरम पाणी वापर आणि वाळत घालताना पसरून घाल.

काशाच्या वाटीने तळपाय घासल्यावर जो काळा थर येतो, त्याला लोक ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणतात. तो काशातल्या धातूचा आणि तुपा-तेलाचा काळिमा असतो. वाटी खुशाल वापर, तळपायांना बरं वाटतं आणि झोपही लागते. फक्त काळं किती आलं यावरून तब्येत मोजत बसू नकोस.

रोज सगळ्या अंगाला वेळ मिळणार नाही, हे मला कळतं. आठवड्यातून दोनदा पूर्ण अभ्यंग आणि इतर दिवशी रात्री नुसते तळपाय, एवढं पुरे. पाठीचं दुखणं पायात उतरायला लागलं, मुंग्या यायला लागल्या, तर मात्र तेलावर विसंबू नकोस, दाखवून ये.

तुझी,
आई