वीज गेल्यावरचे दिवे : खरेदीपूर्वी समितीला पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

विषय : जिन्यासाठी आपत्कालीन दिवे व सभासदांसाठी चार्जिंगचे कंदील यांची एकत्रित खरेदी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जिन्यात लावायचे दिवे आणि ज्या सभासदांना हवे त्यांच्यासाठी घरगुती कंदील एकाच वेळी घ्यायचे, हा समितीचा विचार चांगला आहे. मात्र सूचनाफलकावर लावलेल्या नमुन्याच्या माहितीत तीनच आकडे आहेत : ९ वॅट, ३६ एलईडी, ४ तास. एवढ्यावरून दिवा निवडता येणार नाही. वीज गेल्यावर दिवा पेटला नाही तर दोष बहुधा बॅटरीत निघतो, एलईडी क्वचितच गेलेली असते. आणि त्या कागदावर बॅटरीबद्दल एक अक्षर नाही. ऑर्डर जाण्याआधी विक्रेत्याकडून बॅटरीचा प्रकार, व्होल्ट, अँपिअर-तास आणि ती बदलता येते का, ही माहिती लेखी मागवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आधी या आकड्यांचा हिशेब. बॅटरीत किती वीज मावते हे व्होल्टला अँपिअर-तासाने गुणले की कळते. वीज गेल्यावर आपोआप पेटणाऱ्या बल्बमध्ये बऱ्याचदा ३.७ व्होल्ट, १२०० एमएएचची (१००० एमएएच म्हणजे १ अँपिअर-तास) लिथियम बॅटरी असते. ३.७ गुणिले १.२ म्हणजे सुमारे ४.४ वॅट-तास. ९ वॅटने जळला तर हा बल्ब अर्धा तासही टिकणार नाही. खोक्यावर चार तास लिहिलेले असतात, कारण वीज गेली की तो एका वॅटच्या आसपास उतरतो. त्याच बल्बमध्ये २२०० एमएएचची बॅटरी असली तर चार तास दोन वॅट मिळतात, म्हणजे उजेड जवळपास दुप्पट. खोक्याच्या दर्शनी बाजूला ९ वॅटच लिहिलेले असते, म्हणून दोन्ही बल्ब दुकानात सारखेच दिसतात.

ढोबळमानाने चांगली एलईडी एका वॅटला १०० ल्यूमेन (दिव्याचा उजेड मोजायचे माप) देते. मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्यूमेन. खोलीत ठेच न लागता वावरायला १०० ते १५० ल्यूमेन पुरतात. वाचायला किंवा ओट्यावर सुरीने काही चिरायला ३०० ल्यूमेन आणि तेही जवळून हवेत. एलईडींची संख्या मोजण्यात काही अर्थ नाही. ३६ बारीक एलईडींपेक्षा नीट थंड राहणाऱ्या सहा एलईडी जास्त उजेड देऊ शकतात.

बॅटरीच्या प्रकारावर थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या तीन वर्षांचा खर्च आणि मनस्ताप इथेच ठरतो.

जड, भिंतीवर टांगायच्या जुन्या धाटणीच्या दिव्यांत सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, ४ किंवा ६ व्होल्टची. चार्जर नीट असेल तर ती सतत चार्जवर राहायला हरकत नसते, पण रिकामी ठेवलेली तिला अजिबात चालत नाही. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीइतकी वीज धरत नाही. पूर्ण भरून ठेवली तरी दर महिन्याला तिची थोडी वीज आपोआप उतरते, म्हणून कपाटात ठेवलेला कंदील किमान तीन महिन्यांतून एकदा चार्ज करावाच लागतो. उष्णता तिचा दुसरा शत्रू. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे आयुष्य साधारण निम्मे होते. मीटर रूमच्या पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीवर टांगलेला दिवा आधी बाद होतो तो यामुळेच.

याच बॅटरीचे स्वस्त कंदील आणखी एका कारणाने मरतात. त्यांना पिन बाहेर काढून थेट सॉकेटमध्ये खोचायचे असते आणि चार्ज पूर्ण झाल्यावर प्रवाह तोडणारे सर्किट आत नसते. दोन-चार दिवस तसाच खोचून ठेवला की बॅटरीतले पाणी आटते आणि डबा फुगतो. अशा कंदिलाच्या माहितीपत्रकात ८ ते १० तास लिहिले असेल तर तेवढेच चार्ज करायचे, रात्रभर आणि वर दुसऱ्या दिवशीही नाही. त्यातल्या अनेकांत मेन्सपासून वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, मेन्सची वीज फक्त एका कपॅसिटरमधून उतरवलेली असते. त्यामुळे चार्जवर असताना आतला प्रत्येक भाग जिवंत असतो. कव्हर तडकलेला किंवा स्विचची टोपी निघालेला असा कंदील लावलेल्या अवस्थेत हाताळला तर जोराचा झटका बसू शकतो. लहान मुले असलेल्या घरांना हे कंदील समितीने सुचवूच नयेत.

या दिव्यांत लिथियमचे मुख्यतः दोन प्रकार येतात आणि दोन्हींना दुकानात 'लिथियम' एवढेच म्हणतात. नेहमीचा लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. दुसरा लिथियम आयर्न फॉस्फेट, ३.२ व्होल्टचा, भरल्यावर ३.६५. हा दुसरा तेवढ्याच आकारात वीज थोडी कमी साठवतो, पण कित्येक पटींनी जास्त वेळा चार्ज होतो, उष्णता जास्त सोसतो आणि सहज पेट घेत नाही. जिन्यातल्या दिव्यांची बॅटरी वर्षानुवर्षे भरलेलीच राहणार. नेहमीच्या लिथियम-आयनला पूर्ण भरून, त्यातही उष्ण जागी ठेवणे मानवत नाही. म्हणून जिन्यासाठी फॉस्फेटचाच आग्रह धरावा. घरच्या कंदिलाला साधा लिथियम-आयन चालेल, फक्त तो वापरात नसताना निम्मा चार्ज ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावा.

सेल बदलता येणारा कंदील घेतलात तर त्यात बहुधा १८६५० सेल असतो : १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांब. या आकारात आज साधारण ३५०० एमएएचपर्यंतच वीज मावते. त्यावर ६००० किंवा ९९०० छापलेले दिसले तर तो सेल परत करावा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. वजनाला फारच हलका लागला तर आत माल कमी आहे.

आता आपोआप पेटणाऱ्या बल्बबद्दल. पॅसेजमध्ये आणि बाथरूमच्या वाटेवर तो फार सोयीचा, विशेषतः ज्या घरात रात्री उठणारी वयस्कर मंडळी आहेत तिथे. पण तो कसा ठरवतो हे माहीत असले पाहिजे. स्विच तुम्ही बंद केला आहे की वीज बाहेरून गेली आहे, हे त्याला वायरीवरून ओळखावे लागते. स्विच चालू असेल तर होल्डरच्या दोन टोकांना घरातल्या इतर उपकरणांतून आणि बाहेरच्या जाळ्यातून जाणारा रस्ता दिसतो. बंद असेल तर रस्ता तुटलेला. त्यावरून तो पेटायचे की विझायचे हे ठरवतो. (हातात धरल्यावर बोटांच्या स्पर्शानेही तो पेटतो, तो याच कारणाने.) म्हणून ज्या स्विचमध्ये बारीक इंडिकेटर दिवा आहे, किंवा टायमर, डिमर, सेन्सर आहे, तिथे हा बल्ब चुकीचे ठरवू शकतो : स्विच बंद असतानाही मंद पेटत राहतो आणि गरजेच्या वेळी रिकामा असतो. त्या सर्किटचा एमसीबीच (बिघाड झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडला आणि वायरीवर दुसरे काही जोडलेले नसले, तर तो पेटतही नाही. आपल्या जिन्यातले दिवे टायमरवर आहेत. त्यामुळे जिन्यात हे बल्ब लावू नयेत, हे स्पष्टपणे सांगतो.

जिन्यासाठी वेगळी बॅटरी आणि वेगळा चार्जर असलेला, टेस्टचे बटण असलेला दिवाच हवा, आणि त्याच्या वायरिंगवर सगळे अवलंबून आहे. वायरमनला दोन गोष्टी लिहून द्याव्यात. पहिली, दिव्याची फेज (वीज आणणारी तार) टायमरच्या आधीची घ्यायची. टायमरनंतरची घेतली तर रोज सकाळी जिन्यातले दिवे विझले की या दिव्याला वाटते वीज गेली. तो दिवसभर पेटून रिकामा होतो आणि रोजच्या या उपशाने बॅटरी लवकर संपते. दुसरी, फेज त्याच मजल्याच्या जिन्याच्या सर्किटमधून घ्यायची, शेजारच्या पंपाच्या किंवा लिफ्टच्या सर्किटमधून नाही. वेगळ्या सर्किटमधून घेतली आणि फक्त जिन्याचा एमसीबी पडला, तर इमारतीत वीज असल्यामुळे हा दिवा शांत बसतो आणि जिना काळोखात राहतो.

जागा : प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारासमोर एक, आणि जिना वळतो त्या प्रत्येक लँडिंगवर एक. पायऱ्यांच्या कडा दिसल्या पाहिजेत, म्हणून दिवा उतरणाऱ्याच्या डोळ्यांत येणार नाही इतका वर आणि पसरट काचेचा असावा. झगझगीत फोकस पायरीवर आपलीच सावली टाकतो. पौर्णिमेच्या चांदण्याने जमिनीवर पाव लक्सच्या (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) आसपास उजेड पडतो. सर्वांत अंधाऱ्या पायरीवर त्याच्या चौपट, म्हणजे निदान १ लक्स मिळाला पाहिजे, आणि तो दिवा पेटल्यावर दीड तासानेही मिळाला पाहिजे. एका लँडिंगला एक ते दोन वॅट पुरतात. मीटर रूम, पंपाची खोली आणि गच्चीच्या दाराशी एकेक दिवा विसरू नये. गच्ची आणि पार्किंगच्या उघड्या भागात आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा सोसणारा, घ्यावा. लिफ्टच्या आतल्या आपत्कालीन दिव्याची बॅटरी मात्र लिफ्टच्या देखभालीत मोडते. ती कधी बदलली, हे लिफ्टवाल्यांना विचारून नोंदवून ठेवावे.

घरच्या कंदिलांबद्दल सभासदांना एवढे सुचवता येईल : प्रत्येक घरात दोन दिवे, एक जागच्या जागी आपोआप पेटणारा आणि एक उचलून नेता येणारा. उचलायचा कंदील टाइप-सी चार्जिंगचा असल्यास नव्या मोबाइलच्या, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरने तो चार्ज होतो का हे दुकानातच पाहावे. अनेक स्वस्त कंदिलांत कंदील जोडला आहे हे चार्जरला कळवणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे अशा वायरीवर चार्जर वीज देतच नाही. जुन्या चौकोनी टोकाच्या वायरने मात्र चार्ज होतो. पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी दिवा घेणार असाल तर फार मंद नको, कारण ओढ फार कमी असली की बरेच पॉवर बँक काही सेकंदांत स्वतःहून बंद होतात. मेणबत्ती आणि रॉकेलचा दिवा घरात ठेवूच नयेत असे माझे ठाम मत आहे. वीज गेली की पडदे, गाद्या आणि झोप यांच्यामध्ये उघडी ज्योत येते.

ऑर्डरीपूर्वी प्रत्येक प्रकाराचे तीन नमुने मागवा आणि ते वेगवेगळ्या खोक्यांतून काढा. सहा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर पूर्ण चार्ज करून काही तास बाजूला ठेवा आणि मग मल्टिमीटर लावून व्होल्ट पाहा : ६.४ च्या आसपास ठीक, ६ च्या खाली असेल तर ती बहुधा गोदामात महिनोन्महिने रिकामी पडलेली बॅटरी आहे. मग सगळे नमुने पूर्ण चार्ज करून अंधाऱ्या खोलीत एकत्र पेटवा. एक मीटरवर वर्तमानपत्र धरा आणि दर अर्ध्या तासाने कोणत्या दिव्याखाली बारीक मजकूर वाचता येतो ते लिहा. काही दिवे पहिली पंधरा मिनिटे डोळे दिपवतात आणि नंतर तासन्‌तास नुसते लुकलुकतात; खोक्यावरचे 'चार तास' त्या लुकलुकण्यासकट मोजलेले असतात. आत प्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट असलेला दिवा शेवटपर्यंत जवळपास सारखा उजेड देऊन एकदम विझतो. जिन्यासाठी तसाच घ्यावा.

दिवे बसल्यावर महिन्यातून एकदा वॉचमनने प्रत्येक दिव्याचे टेस्ट बटण अर्धा मिनिट दाबून वहीत टिपावे, आणि वर्षातून एकदा, दिवसाउजेडी, त्या-त्या मजल्याच्या जिन्याचा एमसीबी पाडून दीड तास तिथले सगळे दिवे जळू द्यावेत. बटणाच्या चाचणीत खराब बॅटरीही पास होते, खरी परीक्षा दीड तासाची. त्यानंतर पूर्ण चार्ज व्हायला बॅटरीप्रमाणे पुष्कळ तास लागू शकतात, म्हणून ही चाचणी सगळ्या मजल्यांवर एकाच दिवशी घेऊ नये. दिव्याच्या पाठीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहावी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन ते तीन वर्षांत बदलावी लागणार हे धरून तेवढी तरतूद अंदाजपत्रकात आत्ताच ठेवावी.

जुन्या बॅटऱ्या कचऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरी बॅटरीवाला परत घेतो. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो वेगळ्या डब्यात ठेवावा. कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला तर पेट घेऊ शकतो. फुगलेला सेल त्याच दिवशी चार्जवरून काढून, पेट घेणारे काही जवळ नसेल अशा मोकळ्या जागी ठेवावा, आणि त्याला टोचू किंवा दाबू नये.

नमुन्यांच्या चाचणीसाठी मल्टिमीटर आणि लक्समीटर माझ्याकडे आहेत. समिती ठरवील त्या संध्याकाळी मी ते घेऊन येईन आणि वायरमनबरोबर टायमरच्या आधीची फेज कुठे मिळते हे प्रत्येक मजल्यावर पाहून घेईन.

आपला नम्र,
संस्थेचा एक सभासद