तोफेच्या नळीतले विज्ञान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लष्करी इतिहासावरील लेखांत सेनापती, सनावळ्या आणि शस्त्रांचे पल्ले तपशीलवार असतात. ते पल्ले कोणी आणि कसे काढले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. भौतिकशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव खटकते.

अठराव्या शतकातले शास्त्रज्ञ काउंट रमफर्ड यांचेच पाहा. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना धातू इतका तापतो कसा, याचे त्यांना कोडे पडले. उष्णता म्हणजे पदार्थात साठलेला द्रव, अशी तेव्हाची प्रचलित समजूत होती. रमफर्ड यांनी मुद्दाम बोथट गिरमिट घेतले, ते ज्याच्यावर घासायचे तो तोफेचा ओतीव भाग पाण्याच्या पेटीत बुडवला आणि घोड्यांकरवी तो फिरवत ठेवला. अडीच तासांनी पाणी उकळू लागले. विस्तवावाचून उकळणारे पाणी पाहून बघे थक्क झाले, अशी नोंद त्यांनीच केली आहे. घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, मग ती साठलेली वस्तू असेल कशी, हा त्यांचा युक्तिवाद १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे मांडला गेला.

त्याआधी, १७४२ मध्ये, बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञांनी टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडून, तो किती मागे झुलला यावरून गोळीचा वेग काढला आणि हवेचा अडथळा तोपचींच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा असल्याचे दाखवले. तोच लंबक आज विद्यार्थ्यांना संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्यतेचे, म्हणजे टकरीआधीचा व नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो या नियमाचे, गणित म्हणून भेटतो. तोफखाना त्यातून गायब झालेला असतो! पुढे तोफांच्या पल्ल्यांचे तक्ते हाताने करणे आवाक्याबाहेर गेले, म्हणून अमेरिकी सैन्याच्या पैशांतून ‘एनियॅक’ हा संगणक उभा राहिला, तोही दुसरे महायुद्ध संपल्यावर.

मात्र ‘युद्धामुळेच विज्ञान पुढे जाते’ हे विधान मला फार सोयीचे वाटते. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये संत्र्या-लिंबांनी खलाशांचा स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) बरा करून दाखवला, तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडले. अमोनियाच्या संश्लेषणातून खतांची वाट मोकळी करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरच १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर शत्रूवर विषारी क्लोरीन वायू सोडण्याच्या कामी पुढे होते. शस्त्रांविषयी लिहिताना युद्धातून विज्ञानाला काय मिळाले आणि त्याची दुसरी बाजू काय, हे दोन्ही हिशेब शेजारीशेजारी छापावेत, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक