टीडीएस मीटरला वास कळत नाही : पाणी शुद्धीकरण यंत्राच्या सेवेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कार्बन फिल्टर न बदलता ‘बदलला’ अशी नोंद केल्याबाबत

महोदय,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आपल्या कंपनीचे कार्बन फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा असलेले पाणी शुद्धीकरण यंत्र आहे. वार्षिक देखभाल कराराचे पैसे भरलेले आहेत. यंदा पाडव्यानंतर त्यातून येणाऱ्या पाण्याला कुबट, मातकट वास येऊ लागला. गार पाण्यात तो जेमतेम जाणवतो, पण चहाचे आधण ठेवले की स्वयंपाकघरभर पसरतो. सासूबाईंनी उकड्या तांदळाची पेज तोंडाशी नेली आणि वाडगा तसाच खाली ठेवला.

तक्रार केल्यावर आपला माणूस आला. पेल्यात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, बुडवला, ६० आकडा दाखवला आणि ‘पाणी एकदम चांगले आहे’ म्हणून सही मागितली. मी त्याला नळाच्या थेट पाण्यातही मीटर धरायला लावला. तिथेही ६०च! यूव्ही यंत्र क्षार काढतच नाही, मग आकडा बदलणार कसा? आमच्याकडच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. त्या आकड्यावरून वासाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

हा वास कुठून येतो हे आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हवे. चैत्र-वैशाखात नळपाणी योजनेच्या धरणातले पाणी खाली जाते, तापते आणि त्यात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे शेवाळ, वाढते. ते आणि मातीतले ॲक्टिनोमायसीट्स हे जिवाणू जिओस्मिन आणि टू-एमआयबी ही द्रव्ये तयार करतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या मातीच्या वासातही हेच जिओस्मिन असते. लिटरमध्ये ५ ते १० नॅनोग्रॅम असले तरी माणसाला ते कळते. मीटर मोजतो मिलिग्रॅममध्ये आणि एका मिलिग्रॅमचे दहा लाख नॅनोग्रॅम होतात. नेहमीच्या क्लोरीनने हा वास जात नाही. यूव्ही दिव्याने जिवाणू मरतात, पाण्यात आधीच उतरलेला वास राहतोच. तो धरून ठेवतो फक्त कार्बन, आणि कार्बनची धरून ठेवण्याची क्षमता संपली की तोही वास सोडून देतो.

सर्व्हिस कार्डावर कार्बन फिल्टर बदलल्याची ताजी नोंद आहे. प्रत्यक्षात त्याच्या डब्याच्या आट्यांवर जांभ्याची लाल धूळ जशीच्या तशी चिकटलेली आहे आणि आतल्या फिल्टरच्या स्टिकरवर मागच्या वर्षीचा महिना आहे. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत. मला सर्वात जास्त राग याचाच आला.

एवढ्या प्रमाणातले जिओस्मिन अपायकारक नसते, हे मी जाणते. पण काही सायनोबॅक्टेरिया मायक्रोसिस्टिनसारखी विषेही तयार करतात. वास आहे म्हणजे विष आहेच असे नाही, तरी वासाची तक्रार मीटर दाखवून मिटवणे हे बेजबाबदारपणाचे आहे. आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही वास आणि चव स्वीकारार्ह असावी असे म्हटले आहे.

नवा कार्बन फिल्टर माझ्यासमोर, सीलबंद पाकीट फोडून बसवावा. न बदललेल्या फिल्टरचे पैसे परत करावेत आणि कार्डावर ती नोंद कोणी केली याचे लेखी उत्तर द्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी आहे. पंधरा दिवसांत दखल न घेतल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपली,
एक करारधारक ग्राहक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी